भुरीच्या पानावर क्लिस्टोथेशियम दिसतच नाही? बिघाड मायक्रोस्कोपमध्ये नाही, पानात आहे

कवकशास्त्राच्या प्रॅक्टिकलला दरवर्षी हीच तक्रार येते. भुरी, म्हणजे पांढऱ्या पुडीसारखी बुरशी, आलेलं पान आणलं, बुरशी खरवडली, कॉटन ब्लू या निळ्या रंगात स्लाइड केली, लो पॉवर झाली, हाय पॉवर झाली, आणि दिसतात त्या फक्त कोनिडियांच्या, म्हणजे अलैंगिक बीजाणूंच्या, माळा. पुस्तकातल्या आकृतीत मधोमध जो काळा गोल असतो, भोवती उपांगं आणि आत ॲस्कसच्या, म्हणजे बीजाणू धरणाऱ्या, पिशव्या, त्या क्लिस्टोथेशियमचा पत्ताच नसतो. मग तास संपत आला की आकृती पुस्तकातून जर्नलमध्ये उतरते आणि तिच्यावर सही होते. क्लिस्टोथेशियम प्रत्यक्ष न पाहताच विद्यार्थी एम.एस्सी. होतो, पुढे शिकवायला लागतो, आणि त्याच्या विद्यार्थ्यांच्या वाट्यालाही तीच पुस्तकातली आकृती येते. हे मला मनापासून खुपतं. ही रचना पाहायला महागडं काही लागत नाही. शाळेतला साधा मायक्रोस्कोपही पुरतो. लागतं ते योग्य झाडाचं, योग्य महिन्यात तोडलेलं पान.

म्हणून तपासणी मायक्रोस्कोपच्या आरशापासून किंवा कॉटन ब्लूच्या बाटलीपासून सुरू करू नका. पानापासून करा.

आधी भिंग, मग स्लाइड

क्लिस्टोथेशियम हे बुरशीचं पूर्ण बंद फळ. त्याला तोंड नसतं, भिंत फुटल्याशिवाय आतले बीजाणू बाहेर पडत नाहीत. भुरीच्या बुरश्यांमध्ये त्याचा व्यास साधारण एक दशांश मिलिमीटरच्या आसपास, फायलॅक्टिनिया या भुरीच्या बुरशीत तर दोन दशांश मिलिमीटरपर्यंत जातो. म्हणजे चांगल्या उजेडात नुसत्या डोळ्यांनाही ठिपका जाणवतो, आणि दहा पट मोठं दाखवणाऱ्या हँड लेन्सखाली तर तो लपूच शकत नाही. पान उन्हात तिरपं धरा आणि पांढऱ्या जाळीत रंगीत कण शोधा. आधी ते पांढरे असतात, मग पिवळे होतात, मग तपकिरी, शेवटी काळे. बऱ्याचदा एकाच पानावर पिवळे, तपकिरी आणि काळे शेजारी शेजारी दिसतात, आणि असं पान हाती लागलं तर ते जपून ठेवण्यासारखं असतं.

पानावर नुसती पांढरी पूड असेल आणि एकही कण नसेल, तर त्या पानाच्या कितीही स्लाइड केल्या तरी हाती कोनिडियाच येणार. प्रॅक्टिकलच्या दिवशी वाया जाणारा वेळ बहुतेक इथेच जातो. पानं वाटण्याआधी ज्याने ती आणली त्याने प्रत्येक पान भिंगाखालून घालवलं, तर अर्धी तक्रार तिथेच मिटते.

पानावरच नसतं, ते का?

भुरीची बुरशी दोन प्रकारे वाढते. हिरवं, कोवळं पान मिळतंय तोवर ती कोनिडिया सोडत सुटते. ही अलैंगिक वाढ झपाट्याची असते आणि आपल्याला दिसणारी पांढरी पूड म्हणजे तीच. क्लिस्टोथेशियम हे लैंगिक पुनरुत्पादनाचं फळ, आणि ते बहुधा यजमान झाड म्हातारं व्हायला लागल्यावर, पानं जून होऊन गळायच्या बेताला आल्यावर, हवा थंड झाल्यावर धरतं. वाईट काळ काढण्यासाठी बुरशीने केलेली ही तजवीज आहे. वाईट काळ येतच नसेल, तर तिला ती करायची निकडही पडत नाही.

दुसरी अडचण जोडीदाराची. द्राक्षावरची भुरी, म्हणजे एरिसायफे नेकॅटर, भिन्नजालिक आहे. तिचे दोन मेटिंग टाइप असतात आणि दोन्ही एकाच पानावर एकमेकांना भिडल्याशिवाय फळ धरत नाही. मळ्यात एकच प्रकार पसरलेला असेल तर थंडी कितीही पडो, काळा ठिपका दिसणार नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण युरोपातलं आहे. १८४५ साली इंग्लंडमध्ये मार्गेट इथे टकर नावाच्या माळ्याला काचघरातल्या द्राक्षवेलींवर ही भुरी दिसली, आणि त्याच्याच नावावरून कवकशास्त्रज्ञ बर्कले यांनी तिला ओइडियम टकेरी म्हटलं. पुढच्या काही वर्षांत तिने फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांची धूळधाण केली. युरोपभरचे कवकशास्त्रज्ञ तिच्यामागे लागले होते, पण तिची बंद फळं तिथे सापडली ती थेट १८९२ साली, फ्रान्समध्ये जॉर्ज कुदेर यांना. इतकी वर्षं हजारो एकरांवर रोग डोळ्यांसमोर होता आणि फळाचा मागमूस नव्हता. तेव्हा एका दुपारच्या प्रॅक्टिकलमध्ये ते मिळालं नाही म्हणून विद्यार्थ्याला दोष देणं अन्यायाचं आहे.

आपल्याकडे नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात तर परिस्थिती आणखी प्रतिकूल. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, आणि मध्ये वेल कधी पुरता झोपी जातच नाही. वर्षभर कुठे ना कुठे हिरवी फूट असते आणि बुरशी तिच्यावर किंवा वेलीच्या डोळ्यांमध्ये निभावून नेते. म्हणून द्राक्षाच्या पानावर भुरी ढीगभर मिळते, क्लिस्टोथेशियम क्वचितच. न्यूयॉर्क राज्यातल्या द्राक्षमळ्यांत मात्र उलट. तिथे शरदात पावसाबरोबर ही फळं पानांवरून वाहून खोडाच्या सालीत अडकतात आणि वसंतात पावसाने भिजली की तिथूनच रोगाची सुरुवात करतात. यजमान तोच, बुरशी तीच, हवामान बदललं की फळाचा हिशेब बदलतो.

आंब्याच्या मोहरावर क्लिस्टोथेशियम शोधू नका, ती भुरी कोनिडियांवरच भागवते. काकडी-भोपळ्याच्या वेलींवर आणि गुलाबावर मिळण्याची आशा धरू नये. मिरचीवरही तेच. वाटाण्यावर, जिथे थंडी चांगली पडते अशा भागात, सुकत आलेल्या वेलींच्या खोडाजवळ नजर टाकायला हरकत नाही.

मग कोणतं झाड?

माझं मत विचाराल तर शिसू आणि तुती. दोन्हींवर फायलॅक्टिनिया येते, आणि शिकवण्यासाठी तिच्याइतकी देखणी भुरी दुसरी नाही. रस्त्याच्या कडेला, महाविद्यालयाच्या आवारात, रेल्वेच्या हद्दीत शिसू लावलेला असतोच. तुती रेशीम शेतीच्या गावांत भरपूर. सागावरही युन्सिन्युला ही भुरी येते आणि तिच्या उपांगांची टोकं आकड्यासारखी वळलेली असतात, तेव्हा जंगलपट्ट्यातल्या महाविद्यालयांनी थंडीत सागाची जून पानं जरूर तपासावीत.

फायलॅक्टिनिया शोधताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पान उलटं करा. तिची वाढ बहुतेक पानाच्या खालच्या बाजूवर असते आणि तिचे काही तंतू पर्णरंध्रांतून पानाच्या आतही शिरतात. वरची बाजू हिरवीगार दिसते म्हणून पान टाकून दिलं जातं आणि खाली काळ्या ठिपक्यांची रांगोळी तशीच राहते. काळ डिसेंबर-जानेवारी, पानगळीच्या आधीचा. फांदीच्या शेंड्याकडची कोवळी पानं सोडा, बुंध्याकडची जून, पिवळसर पानं घ्या. झाडावर नाही मिळाली तर खाली पडलेली, पण अजून कुजलेली नाहीत अशी, उचला.

आता तिची ती खासियत, जिच्यामुळे पुष्कळ नमुने वाया जातात. फायलॅक्टिनियाच्या फळाच्या कमरेभोवती सुयांसारखी ताठ उपांगं असतात आणि प्रत्येक सुईच्या बुडाशी एक फुगा असतो. या फुग्याची एका बाजूची भिंत पातळ असते. हवा कोरडी झाली की ती भिंत आत दबते आणि सुई पानाकडे झुकते. सगळ्या सुया अशा एकदम झुकल्या की फळ कुबड्यांवर उभं राहावं तसं पानापासून वर उचललं जातं आणि सुटं होतं. माथ्यावर झुपकेदार चिकट पेशी असतात, त्यांच्यामुळे ते दुसऱ्या पानावर किंवा फांदीवर उलटं जाऊन चिकटतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा की पान वर्तमानपत्रात दाबून वाळवलं की फळं पानावर राहत नाहीत. वर्तमानपत्र झटकून टाकलंत तर नमुनाच झटकून टाकलात. पानं कागदाच्या पाकिटात वाळवा, पाकिटाच्या तळाशी जी काळी पूड जमते तीच खरी सामग्री. ओल्या ब्रशच्या टोकाने ती उचलायची आणि थेट स्लाइडवर ठेवायची. सुया शाबूत, फुगे शाबूत, खरवडण्याची गरजच नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत पानं कोंडू नका, दोन दिवसांत इतर बुरश्या चढतात.

भिंगातून दिसतं, स्लाइडवर मात्र नाही

इथे दोष हाताळणीचा. सुईने जोरात खरवडलं की उपांगं तुटतात आणि उरतो नुसता गोल, ज्यावरून प्रजाती (जीनस) ओळखता येत नाही. पानाचा ठिपकेवाला तुकडा कापून त्यावर लॅक्टोफेनॉल या स्लाइडसाठी वापरल्या जाणाऱ्या द्रवाचा थेंब टाका, फळ सैल झालं की सुईच्या ओल्या टोकाला चिकटवून उचला. पारदर्शक चिकटपट्टी कोनिडियांसाठी छान, फळांसाठी नाही. फळ गोंदात रुतून बसतं आणि उपांगं एका पातळीत चेपली जातात.

पानाचा उभा छेद घ्यायचा असेल तर गाजराच्या फोडीत पान धरून पात्याने कापणं ठीक, पण छेद वॉच ग्लासमधल्या पाण्यात टाकले की पिकलेली फळं सुटून तरंगत जातात आणि स्लाइडवर रिकामा छेद येतो. छेदासाठी काळी नव्हे, तपकिरी होत आलेली फळं असलेलं पान निवडा, ती अजून तंतूंना धरून असतात. आणि छेद पाण्यात न सोडता ब्रशने सरळ स्लाइडवर घ्या.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हवेचा बुडबुडाही क्लिस्टोथेशियम वाटतो: गोल, काळी जाड कड, मध्ये चमक. बुडबुडा फोकस फिरवला की काळ्याचा पांढरा होतो आणि त्याला भिंतीच्या पेशी नसतात. क्लिस्टोथेशियमच्या भिंतीवर बहुकोनी पेशींची फरशी स्पष्ट दिसते. बुडबुडे टाळायला आधी अल्कोहोलचा एक थेंब टाकून नमुना भिजू द्या, मग लॅक्टोफेनॉल.

अखंड फळ लो पॉवरखालीच पाहा. फायलॅक्टिनियाचं फळ इतकं जाड असतं की कव्हरस्लिप एका बाजूने उचललेली राहते, आणि हाय पॉवर लावली की प्रतिमा धूसर होते, वर कव्हरस्लिपला लेन्स टेकण्याची भीती. उपांगं मोजणं, त्यांची टोकं पाहणं, माथ्यावरच्या पेशी पाहणं हे सगळं लो पॉवरखाली व्हायला हवं. पाण्यात त्या माथ्यावरच्या पेशी फुगून चिकट लगदा दिसतो. तो घाण समजून धुऊ नका.

फळ फुटतं, पण आत काहीच नाही

आधी रंग विचारा. पिवळ्या फळात ॲस्कस तयार झालेलेच नसतात, दाबलं की नुसता तेलकट द्रव आणि कणकण बाहेर येतात. अगदी जुनं, गतवर्षीचं फळ असेल तर ते आधीच रिकामं झालेलं असू शकतं. तपकिरीकडून काळ्याकडे झुकलेलं फळ सर्वांत चांगलं. गव्हा-बार्लीवरच्या ब्लुमेरिया या भुरीत तर काळ्या फळातही बीजाणू फार उशिरा धरतात, त्यामुळे त्यात नुसते ॲस्कस दिसले तरी गोंधळू नका.

वाळलेल्या नमुन्यात ॲस्कस आतल्या आत चिकटून बसलेले असतात. अशी फळं तीन ते पाच टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) स्लाइडवरच हलकी गरम करा, उकळू देऊ नका. ती फुगून पुन्हा गोल होतात. मग द्रव टिपकागदाने ओढून घ्या आणि लॅक्टोफेनॉल द्या. काळ्या भिंतीतून रंग आत जात नाही, म्हणून कॉटन ब्लू फळ फोडल्यावरच कव्हरस्लिपच्या कडेने सोडा. लॅक्टोफेनॉलमध्ये फिनॉल असतं, हातमोजे घाला आणि तापवताना खिडकी उघडी ठेवा.

फोडण्याची पद्धत महत्त्वाची. अंगठ्याने दाबलं की सगळ्याचा चेंदामेंदा होतो. डोळा लो पॉवरच्या आयपीसला ठेवा आणि पेन्सिलच्या मागच्या रबराने कव्हरस्लिपवर अलगद टकटक करा. भिंतीला एक चीर पडते, ती रुंदावते, आणि ॲस्कसचा झुपका एकत्र बाहेर सरकतो. तिथेच थांबा. आता हाय पॉवर लावा. फायलॅक्टिनियात अनेक ॲस्कस आणि प्रत्येकात बहुधा दोनच बीजाणू मिळतील. पोडोस्फेरा या दुसऱ्या भुरीच्या फळातून एकच ॲस्कस निघेल, त्याला अपुरी स्लाइड समजू नका, तीच त्याची ओळख आहे. ॲस्कस बाहेर सरकताना ज्या विद्यार्थ्याने पाहिला, त्याला त्या आकृतीचं पाठांतर करावं लागत नाही.

जे क्लिस्टोथेशियम नव्हेच

भुरीवर जगणारी दुसरी बुरशी आहे, ॲम्पेलोमायसेस. ती भुरीच्या तंतूंत, कोनिडिया धरणाऱ्या देठांत, कधी कोवळ्या फळांतही शिरते आणि तिथे स्वतःचे तपकिरी पिक्निडियम, म्हणजे अलैंगिक बीजाणूंची कुपी, बनवते. लांबून ते हुबेहूब लहान क्लिस्टोथेशियम वाटतं. पण उपांगं नाहीत, आकार बऱ्याचदा लांबट, आणि दाबलं की ॲस्कस न येता बारीक एकपेशी बीजाणूंचा लोंढा येतो. द्राक्षावर किंवा वेलवर्गीय भाज्यांवर ‘क्लिस्टोथेशियम मिळालं’ असं कोणी म्हणालं तर ही शक्यता आधी तपासा. ते मिळालं तर निराश होऊ नका, परजीवीवरचा परजीवी पाहायला मिळणं हाही मोठा लाभ आहे.

याशिवाय पिवळे छोटे ढालकिडे भुरी खातात आणि त्यांची विष्ठा काळ्या कणांसारखी पानावर राहते. ती पाण्यात विरघळते किंवा विस्कटते, क्लिस्टोथेशियम नाही.

प्रॅक्टिकल पावसाळ्यातच असेल तर

सेमिस्टरच्या वेळापत्रकात कवकशास्त्र अनेकदा जुलै ते सप्टेंबरमध्ये येतं, म्हणजे नेमका भुरीला फळ नसण्याचा काळ. थंडीत गोळा करून पाकिटात वाळवलेला नमुना हा पहिला उपाय, तो पुढच्या पावसाळ्यात उत्तम चालतो.

दुसरा उपाय युरोशियम, क्लिस्टोथेशियम धरणारा बुरश्यांचा वेगळा गट. पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्यावर, जुन्या पुस्तकांच्या बांधणीवर, किंचित ओल धरलेल्या धान्यावर हिरवी-पिवळी बुरशी येते, तिच्यात हा गट हमखास असतो. साध्या चापेक माध्यमावर, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवायच्या खाद्यावर, तो रडतखडत वाढतो आणि सगळे म्हणतात की कल्चर खराब आहे. त्याला साखर हवी. माध्यमात साखरेचं प्रमाण २० टक्क्यांवर न्या, २५ अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवा. पिवळे गोळे भिंगाखाली स्पष्ट दिसू लागतात. इथे उपांगं नाहीत, भिंत पेशींच्या एकाच थराची, आणि ॲस्कस आत विखुरलेले. ते पिकल्यावर विरघळून जातात, म्हणून जुन्या प्लेटमध्ये सुटे बीजाणूच मिळतात. ॲस्कस पाहायचे तर फिकट पिवळी फळं निवडा.

ॲस्परजिलस निड्युलान्स या बुरशीच्या प्लेटवर नुसतीच हिरवी कोनिडियांची वाढ होत असेल तर प्लेट वाढ धरल्यानंतर पॅराफिल्मने, म्हणजे ताणता येणाऱ्या मेणासारख्या पट्टीने, सील करून अंधारात ठेवा. उजेड आणि मोकळी हवा तिला कोनिडियांकडे नेतात. ॲस्परजिलस फ्युमिगेटसच्या वाटेला मात्र जाऊ नका. १८६३ सालापासून माहीत असलेल्या या बुरशीची बंद फळं पहिल्यांदा मिळवल्याचं २००९ साली प्रसिद्ध झालं, तेही ओटच्या माध्यमावर, अंधारात, सील केलेल्या प्लेटमध्ये सुमारे सहा महिने वाट पाहून. शिवाय ती माणसाच्या फुप्फुसाला घातक आहे. ॲस्परजिलसची कोणतीही प्लेट नाकाशी नेऊन उघडू नये.

जर्नलमध्ये नाव काय लिहायचं?

जुन्या पुस्तकांत युन्सिन्युला आणि मायक्रोस्फेरा स्वतंत्र प्रजाती आहेत, नव्या वर्गीकरणात त्या एरिसायफेमध्ये गेल्या. स्फेरोथेका पोडोस्फेरामध्ये गेली. भुरीच्या फळात ॲस्कस तळाशी झुपक्याने असतात आणि भिंत ठरावीक रेषेवर चिरते, म्हणून नव्या पुस्तकांत त्याला कॅस्मोथेशियम म्हणतात. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात जे नाव आहे ते लिहा आणि शेजारी नवं लिहा, गुण जाणार नाहीत. पण पाकिटावर झाडाचं नाव, ठिकाण, तारीख आणि पानाची कोणती बाजू हे नक्की टाका. झाड कोणतं हे माहीत नसेल तर भुरीची जात सांगणं तज्ज्ञालाही जड जातं, आणि तारीख असेल तर पुढच्या वर्षी कोणत्या आठवड्यात त्याच झाडाखाली जायचं हे कळतं.